सहा चॅनेलचा आवाज दोन स्पीकरवर कसा उतरवायचा

चित्रपट लावला की पार्श्वसंगीत खोली दणाणून सोडतं आणि पात्रं बोलायला लागली की कान टवकारावे लागतात. आवाज वाढवला तर पुढच्याच स्फोटाला दचकायला होतं. संगणकाला दोनच स्पीकर किंवा हेडफोन जोडलेले असले की ही तक्रार हमखास येते आणि लोक नवे स्पीकर घ्यायला निघतात. बहुतेक वेळा स्पीकरचा काही दोष नसतो. ५.१ चा आवाज दोन चॅनेलमध्ये उतरवताना मधलं चॅनेल कुठेतरी गळतं, दबतं किंवा दोनदा मिसळलं जातं. ते कुठे घडतं हे शोधून काढलं की काम निम्मं होतं.

५.१ मध्ये सहा चॅनेल असतात: पुढचं डावं, पुढचं उजवं, मधलं, मागचं डावं, मागचं उजवं आणि खोल आवाजासाठी राखलेलं एलएफई. चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. पुढच्या दोन चॅनेलमध्ये संगीत आणि दृश्यातले आवाज, मागच्या दोनांत पाऊस, गर्दी, प्रतिध्वनी. एलएफई साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतच चालतं. म्हणजे दोन स्पीकर आहेत म्हणून नुसती पुढची दोन चॅनेल घेतली, तर संगीत शाबूत राहतं आणि माणसं मुकी होतात.

मिसळण्याचं गणित

डाउनमिक्स म्हणजे वजन लावून केलेली बेरीज. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीत दिलेलं सूत्र आजही सगळीकडे पाया म्हणून वापरलं जातं:

डावा = पुढचं डावं + ०.७०७ × मधलं + ०.७०७ × मागचं डावं
उजवा = पुढचं उजवं + ०.७०७ × मधलं + ०.७०७ × मागचं उजवं

०.७०७ ने गुणणं म्हणजे ३ डेसिबलने कमी करणं. मधला आवाज आता एकाऐवजी दोन स्पीकरमधून येणार आहे. दोन्हीकडे पूर्ण पातळीने सोडला तर खोलीत त्याची शक्ती दुप्पट होईल. ०.७०७ चा वर्ग ०.५ आणि असे दोन मिळून १, म्हणून हा आकडा.

आता बेरजेचं टोक बघा. १ + ०.७०७ + ०.७०७ = २.४१४, म्हणजे तिन्ही चॅनेल एकाच क्षणी शिखरावर असतील तर आवाज कमाल मर्यादेच्या ७.६५ डेसिबल वर जाईल. शेवटी बाहेर पडणाऱ्या डिजिटल आवाजात मर्यादेच्या वर जागाच नसते. लहरीचं डोकं छाटलं जातं आणि कडकड ऐकू येते. यावर सॉफ्टवेअर दोनपैकी एक वाट धरतं. एक तर सगळे गुणक २.४१४ ने भागायचे, म्हणजे ते ०.४१४, ०.२९३ आणि ०.२९३ होतात. फाटण्याचा धोका संपतो, पण सगळाच आवाज ७.६५ डेसिबलने खाली येतो. किंवा गुणक तसेच ठेवायचे आणि शिखरं लिमिटरने, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणाऱ्या साधनाने, आवरायची. "डाउनमिक्स केल्यावर आवाज बारीक झाला" आणि "डाउनमिक्स केल्यावर आवाज फाटतो" या दोन तक्रारींचं मूळ या एकाच निवडीत आहे.

एफएफएमपेग या आवाज-चित्राचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे नीट लक्षात ठेवा, कारण कितीतरी प्लेअर आणि कन्व्हर्टर आतून तेच वापरतात. नुसतं "चॅनेल दोन कर" असं सांगितलं आणि आवाज पूर्णांकी नमुन्यांत, म्हणजे १६ बिट वेव्हसारख्या प्रकारात जाणार असेल, तर ते गुणक भागून घेतं. सगळी साखळी फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे दशांशी नमुन्यांत असेल तर भागत नाही. एकाच फाइलची वेव्ह प्रत बारीक आणि एएसी प्रत मोठी, प्रसंगी फाटकी निघते ती यामुळे.

एलएफई या सूत्रात नाही, आणि ते मुद्दामच. हे चॅनेल वाजवताना १० डेसिबल जास्त उचललं जाईल असं धरून ते ध्वनिमुद्रित केलेलं असतं. छोट्या स्पीकरवर ते लादलं की कोन थरथरतो, आणि बाकी आवाजही त्यासोबत हेलकावतो. चित्रपटाच्या मिक्समध्ये आवश्यक खर्ज मुख्य चॅनेलांत असतोच. एलएफई वरची भर आहे. संगीताच्या ५.१ आवृत्त्यांत मात्र कधीकधी बास गिटारचा तळ फक्त तिथेच सापडतो. असं असेल तरच घ्या, आणि तेही ०.५ म्हणजे उणे ६ डेसिबलपासून सुरू करा.

आधी मिसळायची गरज आहे का, ते बघा

फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. प्रत्येक ऑडिओ प्रवाहाचा प्रकार, चॅनेलची संख्या, त्यांची मांडणी आणि भाषा तिथे दिसते. डीव्हीडी, ब्ल्यू-रे किंवा एमकेव्ही फाइलमध्ये त्याच भाषेचा दोन चॅनेलचा स्वतंत्र ट्रॅक असेल तर तोच निवडा. तो बहुधा ध्वनिसंयोजकाने ऐकून तपासलेला असतो, आणि घरी केलेली बेरीज त्याच्या तोडीची क्वचितच होते.

डॉल्बी डिजिटलच्या (एसी३) प्रवाहात निर्मात्याने सुचवलेले गुणकही लिहिलेले असतात. मधल्या चॅनेलसाठी उणे ३, उणे ४.५ किंवा उणे ६ डेसिबल; मागच्यांसाठी उणे ३, उणे ६ किंवा "अजिबात घेऊ नका". मीडियाइन्फोच्या सविस्तर माहितीत हे आकडे दिसतात. मधल्यासाठी उणे ६ लिहिलेलं असेल आणि प्लेअर ते इमानाने पाळत असेल, तर संवाद दबणारच. अशा वेळी गुणक हाताने द्या.

फाइल डॉल्बी अ‍ॅटमॉसची असली तरी घाबरायचं कारण नाही. ज्या सॉफ्टवेअरला अ‍ॅटमॉस कळत नाही ते त्याच प्रवाहातलं ५.१ किंवा ७.१ वाचतं, आणि वरून फिरणारे आवाज त्यात आधीच मिसळलेले असतात.

फक्त ऐकायचं असेल तर

सगळ्यात आधी संगणकाची सेटिंग. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग खाली मोअर साउंड सेटिंग्ज. प्लेबॅक टॅबमध्ये तुमचा स्पीकर निवडा, कॉन्फिगर दाबा आणि यादीतून स्टिरिओ घ्या. इथे ५.१ निवडलेलं राहिलं असेल तर संगणक समजतो की सहा स्पीकर जोडलेत. मधलं चॅनेल तो अशा जॅककडे पाठवतो जिथे काहीच लावलेलं नाही. ऐकू न येणाऱ्या संवादांचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची. मॅकवर हीच गोष्ट यूटिलिटीज फोल्डरमधल्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये कॉन्फिगर स्पीकर्सखाली आहे. लिनक्सवर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रोफाइल स्टिरिओ आउटपुट ठेवा.

साउंड ड्रायव्हरच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये "व्हर्च्युअल सराउंड", "रूम इफेक्ट" असलं काही चालू असेल तर ते बंद करा. प्लेअर मिसळतो, त्यावर ड्रायव्हर पुन्हा पसरवतो, आणि माणूस पाइपातून बोलल्यासारखा वाटतो. मिसळणं साखळीत एकाच ठिकाणी व्हावं.

मग प्लेअर. पासथ्रू किंवा एस/पीडिफची सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर आवाज न उलगडता तसाच बाहेर जातो आणि मिसळण्याचं काम टीव्ही किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्जीवर राहतं. कोडी या प्लेअरमध्ये सिस्टिम, ऑडिओखाली चॅनेलची संख्या २.० करा, तिथेच "मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स" हा पर्याय आहे. तो चालू केला की वर सांगितलेली ७.६५ डेसिबलची घट टळते. व्हीएलसीमध्ये गुणक थेट बदलण्याची साधी सोय नाही, पण टूल्स, इफेक्ट्स अँड फिल्टर्समध्ये मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर आहे.

विंडोजवर नेमकं नियंत्रण हवं असेल तर एमपीसी-एचसी हा प्लेअर आणि आवाज उलगडणारे एलएव्ही फिल्टर्स ही जोडी घ्या. एलएव्ही ऑडिओ डिकोडरच्या मिक्सिंग टॅबमध्ये हव्या त्या सगळ्या गोष्टी एका पानावर आहेत: एनेबल मिक्सिंगला खूण करा, आउटपुट स्टिरिओ निवडा, "डोन्ट मिक्स स्टिरिओ सोर्सेस" चालू ठेवा, म्हणजे साध्या गाण्यांना धक्का लागत नाही. खाली सेंटर आणि सराउंडच्या पट्ट्या ०.७१ वर आणि एलएफई ० वर असते. संवाद स्पष्ट हवे असतील तर सराउंड ०.५ करा आणि सेंटर ०.८५ ते १ च्या दरम्यान न्या. "क्लिप प्रोटेक्शन" (शिखरं आवरणं) चालू, "नॉर्मलाइज मॅट्रिक्स" (गुणक भागणं) बंद. ही जोडी मला सगळ्यात समतोल वाटते.

सूत्रात ०.७०७ असताना सेंटर वाढवायचं कशाला, असं कोणी विचारेल. खऱ्या मधल्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांवर एकदाच येतो. दोन स्पीकरमधून तोच आवाज आला की प्रत्येक कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि लांबच्याचा साधारण पाव मिलिसेकंदाने नंतर पोचतो. पाव मिलिसेकंद म्हणजे २,००० हर्ट्‌झच्या लहरीचा अर्धा फेरा; त्या पट्ट्यात दोन्ही लहरी एकमेकींना खातात. व्यंजनांची स्पष्टता नेमकी त्याच परिसरात असते. शक्तीचा हिशोब बरोबर असूनही शब्द थोडे विरतात ते यामुळे, आणि दीड ते तीन डेसिबलची वाढ ही त्याची भरपाई. हेडफोनवर हा खड्डा पडत नाही. म्हणून हेडफोनसाठी मूळ ०.७०७ च ठेवा.

कायमची स्टिरिओ प्रत करायची असेल तर

हँडब्रेक हा व्हिडिओ कन्व्हर्टर सोपा आहे. ऑडिओ टॅबमध्ये ट्रॅक निवडा, कोडेक एएसी घ्या (पासथ्रू ठेवला तर मिक्सडाउन होतच नाही), मिक्सडाउनमध्ये स्टिरिओ निवडा, बिटरेट १९२. शेजारी गेन (पातळी वाढवणं-कमी करणं) आणि डीआरसी असे दोन रकाने आहेत. डीआरसी मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलतं. ० म्हणजे बंद, १ म्हणजे निर्मात्याने प्रवाहात लिहून ठेवलं तेवढं. २.५ च्या पुढे गेलं की आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. डॉल्बी डिजिटलच्या ट्रॅकवरच ते चालतं. अडचण एकच: हँडब्रेक चित्रही नव्याने एन्कोड करतं. फक्त आवाज बदलायचा असताना तासनतास थांबणं आणि चित्राचा दर्जा घालवणं मला पटत नाही. म्हणून खालची पद्धत द्यावीशी वाटते. तिला वेळ लागतो, पण प्रत्येक चॅनेल तुमच्या हातात राहतं.

लागणारी साधनं: ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादक, तिच्यासाठी वेगळी बसवायची एफएफएमपेग लायब्ररी (ती नसेल तर एमकेव्ही, एसी३, एम४ए उघडत नाहीत), आणि चित्र-आवाज एका फाइलमध्ये बांधणारं एमकेव्हीटूलनिक्स. डिस्कवर जागा ठेवा. ऑडॅसिटी आवाज ३२ बिट फ्लोटमध्ये साठवते, म्हणजे सहा चॅनेल × ४८,००० नमुने × ४ बाइट, सेकंदाला ११.५ लाख बाइट. दोन तासांच्या चित्रपटाला ८.३ जीबी, मिसळलेल्या ट्रॅकचे आणखी २.८ जीबी. १५ जीबी मोकळी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

१. ऑडिओ सेटिंग्जमध्ये प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८,००० करा. चित्रपटांचा आवाज त्याच दराचा असतो. ४४,१०० वर राहिला तर विनाकारण एक रूपांतर वाढतं.

२. फाइल, इंपोर्ट, ऑडिओ. एकाहून जास्त प्रवाह असतील तर यादी समोर येते. मीडियाइन्फोत पाहून ठेवलेला क्रमांक निवडा. सहा मोनो ट्रॅक एकाखाली एक येतील.

३. प्रत्येक ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटा वाजवून, ऐका आणि त्याला नाव द्या. ही पायरी गाळू नका. सहसा क्रम पुढचं डावं, पुढचं उजवं, मधलं, एलएफई, मागचं डावं, मागचं उजवं असा असतो. पण चित्रपटांच्या कामात डावं, मधलं, उजवं हाही क्रम चालतो, आणि एएसीच्या आत तर मधलं पहिलं असतं. एखाद्या कन्व्हर्टरने क्रम न बदलता लेबलं चिकटवली की सगळं सरकतं. ओळखायला सोपं आहे: ज्यात संवाद तो मधला. ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे त्याचं चित्र) लावलात तर एलएफई लगेच उघडं पडतं, कारण त्याच्या तळाची एक पट्टी सोडली तर वर सगळं काळं असतं.

४. एलएफईचा ट्रॅक काढून टाका. ठेवायचाच असेल तर गेन उणे ६ आणि पॅन (आवाज डाव्या-उजव्यात वाटणारी पट्टी) मध्यावर.

५. उरलेल्या ट्रॅकचे पॅन आणि गेन लावा. पट्टीवर डबल क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो. पुढचं डावं: पॅन पूर्ण डावीकडे, गेन ०. पुढचं उजवं: पूर्ण उजवीकडे, ०. मधलं: पॅन मध्यावर, उणे ३. मागचं डावं: पूर्ण डावीकडे, उणे ३. मागचं उजवं: पूर्ण उजवीकडे, उणे ३.

इथे थोडं थांबायला हवं. ऑडॅसिटीमध्ये मध्यावर पॅन केलेला मोनो ट्रॅक दोन्ही बाजूंना पूर्ण पातळीने जातो, म्हणून उणे ३ आपण द्यायचे. इतर बऱ्याच ध्वनिसंपादकांत मध्यावर पॅन केलेल्या ट्रॅकला सॉफ्टवेअर स्वतःच ३ डेसिबल कमी करतं. त्याला पॅन लॉ म्हणतात. तिथे तुम्ही पुन्हा उणे ३ दिलेत तर मधलं चॅनेल ६ डेसिबल खाली जाईल आणि संवाद पुन्हा हरवतील. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही सेटिंग आधी तपासा.

६. काही मिनिटं ऐका: एक संवादाचा प्रसंग, एक धामधुमीचा, एक गाण्याचा. संवाद दबल्यासारखे वाटले तर मधला ट्रॅक वाढवण्याऐवजी बाकी चार २ डेसिबलने खाली आणा. परिणाम तोच, आणि शिखरांना जागा उरते. मागच्या ट्रॅकमुळे आवाज धूसर, पोकळ होत असेल तर ते उणे ६ करा. जुन्या स्टिरिओ चित्रपटाला नंतर ५.१ चढवलेलं असतं तेव्हा हे फार होतं: मागची चॅनेल म्हणजे पुढच्याच आवाजाची काही मिलिसेकंद उशिराची प्रत असते, आणि ती परत पुढच्यात मिसळली की कंगव्यासारखे खड्डे पडतात. अशा चित्रपटात मागची चॅनेल सरळ सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

७. सगळे ट्रॅक निवडा. ट्रॅक्स, मिक्स, मिक्स अँड रेंडर टू न्यू ट्रॅक. मूळ ट्रॅक शाबूत राहतात, त्यामुळे चुकलं तर परत येता येतं. नव्या ट्रॅकमध्ये शिखरं मर्यादेबाहेर गेलेली दिसली तरी घाबरू नका. फ्लोटमध्ये ती तुटत नाहीत; पातळी खाली आणली की पूर्ववत होतात. एक्सपोर्टच्या आधी मात्र ती आणलीच पाहिजेत.

८. पातळी ठरवा. इथे बरेच जण नॉर्मलाइझ दाबून मोकळे होतात, आणि दोन तासांच्या चित्रपटात एकाच स्फोटाने सगळ्याची उंची ठरते. शिखर जुळतं, संवाद मागेच राहतात. त्यापेक्षा शिखराऐवजी कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणावर चालणारं लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा; तो मोठेपणा एलयूएफएसमध्ये मोजतात. उणे २३ एलयूएफएस ही युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ ची पातळी; संगणकाच्या छोट्या स्पीकरसाठी उणे २० पर्यंत वर आणलंत तरी चालतं. त्यानंतर लिमिटर लावून शिखरं उणे १.५ डेसिबलवर रोखा. एएसी किंवा एमपी३ करताना लहरीचा आकार थोडा बदलतो आणि शिखरं मूळपेक्षा वर उडी मारतात, म्हणून तेवढी जागा सोडायची.

९. एक्सपोर्ट. दर्जा राखायचा तर फ्लॅक २४ बिट. जागा वाचवायची तर एएसी १९२ ते २५६ किलोबिट.

१०. एमकेव्हीटूलनिक्समध्ये मूळ चित्रपट ओढा, मग नवी ऑडिओ फाइल ओढा. नव्या ट्रॅकला भाषा द्या, "डिफॉल्ट ट्रॅक" होय करा, जुना ५.१ ट्रॅक हवा असेल तर राहू द्या आणि त्याचं डिफॉल्ट काढा. स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग. चित्र जसंच्या तसं उचललं जातं, त्यामुळे काही मिनिटांत काम होतं.

ओठ आणि आवाज जुळतात का, ते सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही ठिकाणी बघा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर एमकेव्हीटूलनिक्सच्या डिले रकान्यात मिलिसेकंद भरा. मूळ ट्रॅकला चित्राच्या तुलनेत किती विलंब होता, हे मीडियाइन्फो सांगतं. फरक हळूहळू वाढत जात असेल तर डिलेने सुटणार नाही. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या वेगाच्या आवृत्त्यांमधून आले आहेत.

सहा चॅनेलची मधली वेव्ह फाइल काढणाऱ्यांसाठी एक सूचना. साध्या वेव्हला ४ जीबीची मर्यादा आहे. ४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट, सहा चॅनेल या हिशोबाने ती साधारण ८३ मिनिटांत भरते. पुढचा आवाज तुटतो किंवा फाइलची लांबी भलतीच दिसते. अशा वेळी फ्लॅक वापरा.

७.१, मॅट्रिक्स आणि हेडफोन

७.१ मध्ये प्रत्येक बाजूला कडेचं आणि मागचं अशी दोन सराउंड चॅनेल असतात. दोन्हींना उणे ३ दिलं तर टोकाची बेरीज ३.१२ वर, म्हणजे जवळजवळ १० डेसिबलवर जाते आणि सराउंड संवादांवर चढतं. दोन्हींना उणे ६ द्या.

हँडब्रेक आणि एलएव्हीमध्ये स्टिरिओच्या खाली डॉल्बी सराउंड आणि प्रो लॉजिक २ हे पर्याय दिसतात. यालाच मॅट्रिक्स म्हणतात: यात मागची चॅनेल विरुद्ध कलेने (एका बाजूला लहर वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूला खाली) मिसळली जातात, म्हणजे प्रो लॉजिक समजणारा अ‍ॅम्प्लिफायर ती परत वेगळी काढू शकतो. तसा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर साधं स्टिरिओच घ्या. कारण ही प्रत फोनच्या एकाच स्पीकरवर वाजली की डाव्या-उजव्याची बेरीज होताना मागचे आवाज एकमेकांना पुसून टाकतात. आणि मॅट्रिक्सची प्रत ठेवायचीच असेल तर कमी बिटरेट टाळा. तिथे कोडेक दोन चॅनेलमधल्या कलेचा फरक सोडून देतो, आणि ती सगळी माहिती तर त्या फरकातच असते.

हेडफोनसाठी विंडोज सोनिकसारखी सोय वेगळ्या मार्गाने जाते. ती सहा चॅनेल डोक्याभोवती मांडल्याचा भास करते. तिला सहाही चॅनेल मिळाली पाहिजेत, म्हणून ती वापरताना प्लेअरमधलं मिसळणं बंद ठेवा. आधी स्टिरिओ करून मग तिच्याकडे दिलं तर मांडायला काही उरतच नाही.

कोण किती मिसळतं, ते मोजून बघा

प्लेअरच्या सेटिंगवर विश्वास ठेवण्यापेक्षा एक चाचणी फाइल बनवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि नंतर प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला ती लावता येते.

ऑडॅसिटीत सहा मोनो ट्रॅक घ्या. पहिल्या मिनिटात प्रत्येक ट्रॅकवर पाच-पाच सेकंदांच्या अंतराने त्या चॅनेलचं नाव बोलून ठेवा: "पुढचं डावं", "पुढचं उजवं", "मधलं" असं. एलएफईवर बोलून उपयोग नाही, तिथे ५० हर्ट्‌झचा सूर टाका. दुसऱ्या मिनिटात बाकी पाचांवर एकामागून एक १,००० हर्ट्‌झचा सूर, पातळी उणे २० डेसिबल. जनरेट मेनूत टोनला अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१ दिला की बरोबर उणे २० होतात. एक्सपोर्टच्या चौकटीत चॅनेल्ससाठी कस्टम मॅपिंग निवडा, सहा चॅनेल करा, प्रत्येक ट्रॅक एका चॅनेलला जोडा आणि फ्लॅकमध्ये साठवा.

ही फाइल प्लेअरमध्ये वाजवा. "मधलं" डोक्याच्या मध्यभागी ऐकू आलं पाहिजे, "मागचं डावं" डावीकडून. एखादा शब्द आलाच नाही तर ते चॅनेल गळतंय. "मधलं" एका बाजूने आलं तर क्रम सरकलाय.

कन्व्हर्टर तपासायचा असेल तर ही फाइल त्यातून स्टिरिओ करून घ्या, परत ऑडॅसिटीत उघडा आणि सुरांची पातळी मोजा. पुढच्या डाव्याचा सूर डाव्या चॅनेलमध्ये उणे २०, मधल्याचा दोन्हीकडे उणे २३ आणि मागच्या डाव्याचा डावीकडे उणे २३ मिळाला, तर सूत्र जसंच्या तसं पाळलं गेलं. उणे २७.७ आणि उणे ३०.७ मिळाले तर गुणक भागून घेतलेत. प्रमाण बरोबर आहे, नुसती पातळी वाढवा. मधला उणे २६ आला तर ३ डेसिबल दोनदा कापले गेलेत. मागचा आलाच नाही तर सराउंड टाकून दिलंय. आणि मागच्या डाव्याचा सूर दोन्हीकडे आला तर नकळत मॅट्रिक्सचा पर्याय निवडला गेलाय.

दोन पद्धतींची तुलना कानाने करताना दोन्ही प्रती आधी लाउडनेसने समान करा. एक डेसिबलने मोठी असलेली प्रत नेहमीच अधिक स्वच्छ वाटते, आणि ती निवडल्यावर गुणकांचा प्रश्न तिथेच राहतो.

स्टिरिओ प्रत तयार झाल्यावर ती एकदा मोनो करूनही ऐका. मधलं चॅनेल दोन्हीकडे सारखं असल्याने संवाद थोडे पुढे येतील, ते ठीक आहे. पण पुढच्या चॅनेलांतलं एखादं वाद्य किंवा आवाज नाहीसाच झाला तर एखादा ट्रॅक उलट्या कलेने आत आलाय. ऑडॅसिटीत तो ट्रॅक निवडून इन्व्हर्ट करा आणि पुन्हा मिसळा. एलएफई घेतल्यावर खर्ज वाढण्याऐवजी कमी झाला, तर तिथेही हाच उपाय लागू पडतो.